आईच्या हातची रेघ

मूनटा,
९ फेब्रुवारी १९५८

रोली,

तुझं कार्ड मिळालं. त्यावर पत्ता नव्हता, नुसतं द्राक्षांच्या घडाचं चित्र आणि पोस्टाचा शिक्का होता, म्हणून हे पत्र मिल्ड्युराच्या पोस्टात ठेवून घ्या असं लिहून पाठवते आहे. मिळालं तर मिळालं.

बाबांचं बरं नाही. खाणीतली धूळ छातीत होतीच, आता काळीजही दमलंय. जूनपासूनचा हिवाळा निघेल की नाही, डॉक्टर सांगायला तयार नाहीत. डोळ्यांचं तर तुला ठाऊकच आहे. दाराची चौकट दिसते, दारात कोण आहे ते नाही.

गेल्या रविवारी मी चॅपलहून आले तर बाबा पियानोल्यासमोर बसलेले, झाकण उघडलेलं. म्हणाले, "लव्हडे, हा पुन्हा वाजेल का गं?" मी म्हटलं, "बाबा, आई जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून कुणी हात लावलाय का त्याला? आत उंदरांनी संसार थाटलाय." त्यांनी झाकणावरून हात फिरवला. मग म्हणाले, "तिचा तो लांब रोल मला एकदा ऐकायचाय. तिच्या रेघेनं. मग माझं काही मागणं नाही."

शेजारचे हेडलीकाका येऊन आत बघून गेले. रेल्वेच्या डब्यांच्या गाद्या शिवण्यात त्यांचा जन्म गेला, तेव्हा भात्याचं कापड बसवणं त्यांना जमेल. पण रबरी नळ्या कुजल्यात, आतली पातळ कातडी उंदरांनी खाल्लीत, आणि वेगाच्या दांडीचा काटा तर कुठे गेला देव जाणे. मी ॲडलेडपर्यंत विचारून झाले. दुकानदार हसतात आणि म्हणतात, रेडिओ घ्या.

तू एवढा देश पालथा घालतोस. जाशील तिथे विचार. एवढं एक काम कर, आणि मध्येच भलतीकडे वळू नकोस.

लव्हडे


मिल्ड्युरा,
२ मार्च १९५८

प्रिय लव्हडे,

पत्र मिळालं, आठवडाभर पोस्टात पडून होतं. पोस्टमास्तर म्हणाला, तूच का तो ट्रेझाइस, मला वाटलं मेलास. इथे सगळे असेच बोलतात, उन्हानं डोकं तापतं. द्राक्षं तोडायची, राखेच्या पाण्यात बुचकळायची आणि तारांच्या जाळीवर सुकत घालायची. बोटं इतकी चिकट होतात की टोपी काढली तर टोपीबरोबर केसही येतात. आमच्या टोळीत एक क्रोएशियाचा माणूस आहे, तो पाठीवर पोत्यासारखं कॅलेंडर बांधून फिरतो, का ते पुढे कधी सांगेन.

असो. पियानोल्याचं.

जेवण रांधणाऱ्या बाईला, मिसेस क्विगलीला, मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पाय हलवले की आपोआप वाजणारं यंत्र ते. त्यात तुझ्या आईचं काय?" मला राग आला. मी तिला म्हटलं, "बाई, रोलच्या कागदाला भोकं पाडलेली असतात, त्यातून सूर निघतात, ते खरं. पण पळायचं कधी आणि रेंगाळायचं कधी, ते वाजवणाऱ्याच्या डाव्या हातात असतं. दांडीला काटा असतो, आणि खाली सरकणाऱ्या कागदावर कारखान्यानं एक तांबडी रेघ छापलेली असते. काटा त्या रेघेवर ठेवत गेलं की झालं. आमच्या आईला ती रेघ पटायची नाही. तिनं पेन्सिलीनं आपली वेगळी रेघ ओढली होती, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तिच्या रेघेवर काटा ठेवून दुसऱ्या कुणी वाजवलं तरी ते तिचंच वाजवणं." मिसेस क्विगली जरा वेळ बटाटे सोलत राहिली. मग म्हणाली, वेंटवर्थच्या एका हॉटेलात तसलं एक धूड पडलंय, वर कोंबड्या बसतात.

गेलो. नदीतून होडीनं गेलो, कारण होडीवाला ओळखीचा निघाला, आणि मग दोन दिवस त्याच्याबरोबर मासेच पकडले, पण गेलो. हॉटेलवाल्याचं कुंपण रंगवून दिलं आणि त्याच्या पियानोल्यातल्या सगळ्या नळ्या, कातडी आणि भोकांची पितळी पट्टी काढून आणली. काटासुद्धा आहे. खोका रेल्वेनं पाठवलाय. कोंबड्यांचा वास येईल, उन्हात ठेव.

बाबांना सांग, काम फत्ते.

तुझा रोली


मूनटा,
२३ मार्च १९५८

रोली,

खोका आला. वास अजून गेलेला नाही.

हेडलीकाकांनी सगळं जमिनीवर मांडलं आणि डोकं खाजवत बसले. यातलं काहीच बसत नाही. तू आणलेल्या पट्टीला अठ्ठ्याऐंशी भोकं आहेत, आपल्या पियानोल्याला पासष्ट. आपला जुन्या तऱ्हेचा आहे म्हणे. नळ्या बारीक पडतात, काटा आखूड पडतो.

बाबा खुर्चीतून म्हणाले, "रोलीनं टोपी आणली तरी ती दुसऱ्याच्याच डोक्याची असायची." मग खोकला येईपर्यंत हसले. फार दिवसांनी हसले म्हणून मीही हसले. पण नंतर बटाटा-मटण भरलेली पेस्टी पुढ्यात ठेवली तर अर्धीही खाल्ली नाही. मला म्हणाले, "जुन्या तऱ्हेचं आता कुठे मिळायचं. राहू दे, पोराला त्रास नको." त्यांच्या 'राहू दे'चा अर्थ तुला कळतो.

लव्हडे


बॅलरॅट,
१३ एप्रिल १९५८

प्रिय लव्हडे,

मी तीन दिवस ट्रकच्या टपावर कांद्यांच्या पोत्यांवर बसून इथे आलो, कारण मिल्ड्युरातल्या पियानो सुरात लावणाऱ्यानं सांगितलं की जुन्या तऱ्हेचं काम जाणणारा एकच माणूस आता उरलाय, नोस्के नावाचा. वाटेत एका गावात सोन्याची जुनी खाण बघायला उतरलो होतो. बाबांना सांग, त्यांच्या तांब्याच्या खाणीपुढे ती म्हणजे उंदराचं बीळ.

नोस्के म्हातारे आहेत, बाबांपेक्षाही. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पियानोल्यांचे सांगाडे छतापर्यंत. मी बोलायला लागलो तर हात वर करून म्हणाले, "बाकीचं राहू दे. रोलच्या टोकाला खुंटी आहे की भोक, तेवढं सांग." मी म्हटलं, खुंटी. त्यांचा चेहराच उजळला. मला आत नेऊन खुर्चीवर बसवलं, बिस्किट दिलं. जणू मी त्यांच्या गावचा निघालो.

त्यांच्याकडे आपल्या जातीचा एक मोडका पियानोला आहे. सगळं त्यातून निघेल. पण अंदाजानं ते काहीच करत नाहीत. म्हणाले, "एक रोल मागव. तो माझ्या पट्टीवर चालवून बघतो, आणि मगच कात्री हातात घेतो. तुझ्या वडिलांना दुसऱ्यांदा चुकीचा खोका जायला नको."

तर आईचा रोल पाठव. इथल्या यंत्रावर तो वाजला तर तिथे वाजणारच. कातडी ते स्वतः कापतात, कोकराची, इतकी पातळ की आरपार बोट दिसतं.

तुझा रोली


मूनटा,
२४ एप्रिल १९५८

रोली,

पाठवते आहे, पण माझ्या जिवाला बरं वाटत नाही. बाकीचे रोल उंदरांनी संपवले. हा एकटाच पत्र्याच्या डब्यात होता म्हणून वाचला.

काल मी तो टेबलावर उलगडला. बाबांनी कागदावरून बोट फिरवलं. त्यांना काही दिसत नाही, तरी मला विचारत होते, "आता रेघ कुठेय? डावीकडे का? आता?" मी सांगत गेले. मग म्हणाले, "गुंडाळ, आणि दोरा घट्ट बांध."

पोस्टात मी तो स्वतः नेऊन दिला. त्या माणसाला रेघेचं नीट सांग. विसरू नकोस. बाकी कशात विसरलास तरी चालेल.

लव्हडे


कोलॅक,
११ मे १९५८

प्रिय लव्हडे,

पत्त्यावरून तू भुवया चढवशीलच, तेव्हा आधीच सांगतो, काम चालू आहे. रोल सुखरूप पोचला, मी तो नोस्क्यांच्या हातात दिला. त्यांनी चालवून पाहिला. पासष्टच्या पासष्ट सूर निघाले. नळ्या, कातडी, काटा, सगळ्याला दोन-तीन आठवडे लागतील म्हणाले. तेवढे दिवस मी तिथे बसून काय करणार? गावात जत्रेवाल्यांचा तांडा आला होता, त्यांना गोल फिरणाऱ्या लाकडी घोड्यांना रंग द्यायला माणूस हवा होता. त्यांच्याबरोबर निघालो. चोवीस घोडे आहेत. मी प्रत्येकाला वेगळे डोळे काढतोय. एकाला हेडलीकाकांचे काढलेत. मालकीण म्हणते, हा घोडा बघून पोरं रडतात.

निघताना नोस्क्यांना म्हटलं, रोलही जरा झाडून-पुसून नीट करून ठेवा, माझ्या वडिलांसाठी आहे. ते म्हणाले, "वडिलांसाठी म्हणतोस तर नव्यासारखा करून देतो."

बाबांना माझा नमस्कार सांग. घोड्यांचंही सांग.

तुझा रोली


मूनटा,
१८ मे १९५८

रोली,

झाडून-पुसून म्हणजे काय? तू त्यांना रेघेचं सांगितलं होतंस ना?

उलट टपाली कळव.

लव्हडे


बॅलरॅट,
८ जून १९५८

लव्हडे,

नळ्या, कातडी, काटा आणि भात्याचं कापड आज रेल्वेनं पाठवलं. कुठे काय बसवायचं ते नोस्क्यांनी चित्र काढून दाखवलंय.

रोल आठवड्याभरानं वेगळा पाठवतो. थोडं काम राहिलंय. रेघ आहे.

मला इथल्या वीटभट्टीवर काम मिळालंय, त्यामुळे येता येणार नाही. बाबांना सांभाळ.

रोली


मूनटा,
६ जुलै १९५८

रोली,

तुझं पत्र इतकं सरळ कधीच नव्हतं. मी उलटून बघितलं, मागे काही लिहिलंय का.

वाजला. काल दुपारी. हेडलीकाका तीन आठवडे त्याच्या पोटात डोकं घालून होते. आईसारखीच मी बूट काढून, नुसत्या मोज्यांनी पाय मारायला बसले. बाबांनी सदरा बदलला, गळ्याला टाय बांधायला लावला. मी केशर घालून केक केला होता. काकांनी खिडक्या लावून घेतल्या, म्हणाले, "आवाज रस्त्यावर कशाला सांडायचा."

मी रेघेवर काटा ठेवून शेवटपर्यंत वाजवलं. बाबा हलले नाहीत. डोळ्यांतून पाणी येत होतं. संपल्यावर म्हणाले, "छान झालं. पोरानं लांबून आणलं." त्यांचं समाधान झालं. तुझ्या हातून हे झालं, हे मी विसरणार नाही.

आता ये. खरंच ये, कारण पाय सुजलेत त्यांचे.

लव्हडे


बॅलरॅट,
२० जुलै १९५८

लव्हडे,

तुझं पत्र खिशात घेऊन आठवडाभर विटा वाहिल्या. आता लिहितो, नाहीतर कधीच लिहायचो नाही.

ती रेघ आईची नव्हती.

मी नोस्क्यांना सांगायला विसरलो. विसरलो म्हणजे, त्या दिवशी सांगणारच होतो, पण बाहेर जत्रेचा ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. परत आलो तर म्हाताऱ्यानं डबा उघडून मला रोल असा दाखवला, जशी एखादी बाई न्हाऊ घातलेलं मूल दाखवते. कडा नीट कापलेल्या, फाटलं होतं तिथे मागून पातळ कागद लावलेला. म्हणाले, "कुणीतरी पेन्सिलीनं सगळा रोल गिरबटून ठेवला होता. चार दिवस लागले खोडायला, पण कागदाला ओरखडा नाही." त्यांच्या धंद्यात पेन्सिलीच्या खुणा म्हणजे मळ, जुना रोल आला की पहिल्यांदा तेच काढतात.  माझ्या तोंडावरूनच त्यांना कळलं. खाली बसले. मग म्हणाले, "तू सांगायचं होतंस, बाळा." दोनदा म्हणाले. त्या दिवसानंतर ते मला बिस्किट द्यायला लागले की माझ्याकडे बघत नाहीत.

मी तो कागद खिडकीच्या काचेला धरला. तिरपा उजेड पडला की पेन्सिल दाबल्याची खाच दिसायची. सुरुवातीला हातभर दिसली, तेवढी मी बरोबर तिच्यावरून ओढली, श्वास रोखून. पुढे काही नाही. कागद दाबायच्या रुळाखाली आणि खोडरबराखाली सगळं सपाट झालं होतं. पुढचं मी मनानं ओढलं. आई कशी वाजवायची ते आठवून. म्हणजे, आठवतंय असं समजून.

बाबांना फसलेलंच राहू दे. त्यांचं समाधान झालंय ना. एवढं एक माझ्यासाठी कर. मी येत नाही ते वीटभट्टीमुळे नाही. त्यांच्यासमोर बसून ते ऐकायची माझी हिंमत नाही.

रोली


मूनटा,
२४ ऑगस्ट १९५८

रोली,

बाबा नऊ तारखेला गेले. तार केली होती, भट्टीवाल्यांनी परत पाठवली, म्हणाले तू काम सोडलंस. आता नोस्क्यांच्या पत्त्यावर लिहिते आहे. आईशेजारीच ठेवलं. चॅपल भरलं होतं. शेवटचे दोन दिवस बोलणं नव्हतं, त्रासही फार नव्हता.

मी जुलैत तुला खरं लिहिलं नाही. त्यांनीच शपथ घातली होती.

त्या दुपारी मी वाजवायला लागले तेव्हा पहिल्या थोड्याशा तुकड्यात बाबा हसत होते. मान हलत होती. मग हसू थांबलं. मी तशीच वाजवत गेले. संपल्यावर हेडलीकाका केक घेऊन घरी गेले, आणि बाबा म्हणाले, "लव्हडे, सुरुवातीचं तिचं आहे. पुढचं रोलीचं आहे." मी म्हटलं, "काहीतरीच काय बाबा." तर म्हणाले, "अगं, ती इतकी घाई कधी करायची नाही. हा प्रत्येक वळणावर निघायला टपलेला. हे दुसरं कुणाचं असेल?" मग म्हणाले, "त्याला लिहू नकोस. काहीतरी झालं असेल बिचाऱ्याकडून. समाधान झालं म्हणून लिही."

मी रडले. ते रडले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर म्हणाले, "बस पियानोल्यापाशी. पेन्सिल घे. आणि खोडरबर."

तेव्हापासून रोज दुपारी आमचं हेच. मी एक-एक तुकडा वाजवायची आणि ते टाचेनं जमिनीवर ठेका धरायचे. "थांब. अजून थांब. लव्हडे, तुला स्टेशन गाठायचंय का? हं, आता जा." मग मी रोल थांबवून तुझी रेघ खोडायची आणि त्यांची ओढायची. ओढली की पुन्हा वाजवायची. "नाही. ती इथे श्वास घ्यायची." पुन्हा खोडायची. एका वितीला कधी चार दिवस. दम लागला की उशीला टेकायचे आणि तोंडानं नुसतं ताल सांगायचे. काका खिडकीतून बाबांना म्हणाले, "गारफील्ड, अर्धा तास तोच सूर ऐकतोय, माझं डोकं फिरलं." बाबा म्हणाले, "तुझं फिरायला आहे काय त्यात?"

तुझं कबुलीचं पत्र आलं ते मी त्यांना वाचून दाखवलं नाही. त्यांना सगळं आधीच कळलेलं होतं. फक्त एवढंच सांगितलं की रोलीला वाईट वाटतंय. म्हणाले, "वाटणारच. म्हणूनच तर हे पुरं करायचं, तो येईपर्यंत."

पुरं झालं नाही. गाण्याचे शब्द संपतात आणि नुसती वॉल्ट्झ नाचाची धून सुरू होते, तिथवर आलो होतो. रोलचा एक तृतीयांश असेल. तिथून पुढे तुझी रेघ आहे.

मला पुढचं येत नाही, रोली. आई वाजवायची त्या वर्षांत मी वॉलरूला दुकानात कामाला होते, महिन्यातून एखादा शनिवार घरी यायचे. हेडलीकाका तेव्हा रेल्वेच्या कामावर दूर असायचे, आणि घरातल्या मोठ्यांपैकी आता कुणी उरलं नाही. पण तू घरी होतास. आई गेली तेव्हा अकरा वर्षांचा होतास, म्हणजे अगदी लहान नव्हतास. रोज संध्याकाळी ऐकलं असशील. तुला आठवतंय तसं लिहून पाठव, कुठे थांबायची, कुठे सुटायची. मी इथे वाजवून बघते आणि रेघ ओढते. वेळ लागू दे. आता कुणाची घाई नाही.

लव्हडे


बॅलरॅट,
१४ सप्टेंबर १९५८

लव्हडे,

मी नोस्क्यांच्या शेडमध्येच राहतोय, जुलैच्या शेवटापासून. भट्टी सोडली. कातडी कापायला शिकतोय, त्यांचे हात आता थरथरतात. तुझं पत्र त्यांनीच आणून दिलं आणि दार लावून बाहेर जाऊन बसले.

दोन आठवडे मी आठवतोय. दुसरं काही केलं नाही म्हटलंस तरी चालेल. नोस्क्यांनी त्यांच्या पियानोल्यावर दुसरे वॉल्ट्झ लावून दिले, म्हणाले, एखाद्या वेळी त्यावरून आठवेल. मी डोळे मिटून आईला खुर्चीवर बसवतो. तिचे करडे मोजे दिसतात, एकाला अंगठ्यापाशी रफू केलेलं. बाबा भिंतीला टेकून उभे, तू नाहीस. सगळे गातात. मीही गातो, मोठ्यानं, कारण शब्द कागदाच्या कडेला छापलेले असतात आणि मला नुकतं वाचता यायला लागलंय. मग शब्द संपतात.

पुढे मला दिसतं ते मागचं दार. मग अंगण, मग खाणीचे ढिगारे, आणि शेजारच्या बिली रोडाची बकरी. मी खूप प्रयत्न केला, लव्हडे. मागून आवाज येत असला पाहिजे, खिडकी उघडी असायची. पण मी पळत असायचो. गाण्याचे शब्द संपले की त्यात माझ्यासाठी काही नाही असं मला वाटायचं. मी एकदाही शेवटपर्यंत थांबलो नाही.

तुला काहीतरी लिहून पाठवता आलं असतं. तू विश्वास ठेवला असतास. ते मी एकदा करून बसलोय.

बाबांनी जिथवर आणलं तिथवर राहू दे. त्यापुढची माझी रेघ खोडून टाक, शेवटपर्यंत. कोरं राहू दे.

तुझा रोली